लंगडणाऱ्या गेंड्याचे निदान उशिरा का होते?

बंदिवासातील गेंडा लंगडताना दिसतो, तेव्हा त्याचा आजार बहुधा जुना झालेला असतो. त्वचेखाली, नखाच्या भेगेत किंवा हाडाच्या सांध्यात जिवाणूंनी घर केलेले असते आणि ते ओळखण्याची साधने या अवाढव्य प्राण्यापुढे तोकडी पडतात. गेल्या दशकातील काही गाजलेल्या मृत्यूंनी एक गोष्ट ठळक केली आहे. बंदिवासातील गेंड्यांच्या बाबतीत खरी उणीव औषधांपेक्षा वेळेवर होणाऱ्या निदानाची आहे.

विशेष प्रतिनिधी

२२ नोव्हेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील सॅन डिएगोच्या सफारी पार्कमध्ये ‘नोला’ या ४१ वर्षांच्या मादीला दयामरण देण्यात आले. त्या दिवशी उत्तरेकडील पांढऱ्या गेंड्यांची जगातील संख्या चारवरून तीनवर आली. नोला वयस्क होती, पण तिला जेरीस आणले होते ते वारंवार उलटणाऱ्या जिवाणू संसर्गाने. तपासणीअंती या संसर्गाचे मूळ कटिभागात खोलवर असलेल्या एका मोठ्या गळवात असल्याचे आढळले. मृत्यूपूर्वी नऊ दिवस, १३ नोव्हेंबरला, शस्त्रक्रिया करून त्यातील पू काढण्यात आला. त्यानंतर मात्र तिची प्रकृती सावरली नाही.

सव्वादोन वर्षांनी, १९ मार्च २०१८ रोजी, केनियातील ओल पेजेटा अभयारण्यात ‘सुदान’ हा या उपजातीचा अखेरचा नर गेला. त्याचे वय ४५ होते. हाडे आणि स्नायू झिजलेले, अंगावर जखमा आणि उजव्या मागच्या पायात खोलवर गेलेला संसर्ग अशी त्याची अवस्था होती. अखेरच्या दिवसात त्याला उभे राहणेही अशक्य झाले, तेव्हा पशुवैद्यकांनी त्याला वेदनामुक्त करण्याचा निर्णय घेतला. आज या उपजातीच्या नाजिन आणि फातू या दोन माद्याच उरल्या आहेत. नाजिनच्या मागच्या पायांतील अशक्तपणामुळे ती गर्भाचा भार पेलू शकणार नाही, असे तज्ज्ञांनी यापूर्वीच स्पष्ट केले होते.

तिसरी घटना २०२३ मधील. उत्तरेकडील पांढरा गेंडा वाचवण्यासाठी सुरू असलेल्या ‘बायोरेस्क्यू’ प्रकल्पात २४ सप्टेंबर २०२३ रोजी ‘कुरा’ या दक्षिणेकडील पांढऱ्या मादीच्या गर्भाशयात प्रयोगशाळेत तयार केलेला भ्रूण सोडण्यात आला. भ्रूण दक्षिणेकडील उपजातीचाच होता, कारण पद्धत सिद्ध होण्यापूर्वी दुर्मीळ भ्रूण पणाला लावायचा नव्हता. प्रयोग यशस्वी झाला, परंतु नोव्हेंबरमध्ये कुरा अचानक दगावली. तिच्या पोटात सुमारे ७० दिवसांचा, ६.४ सेंटीमीटर लांबीचा नर गर्भ आढळला. मृत्यूचे कारण ठरले क्लोस्ट्रिडियम नावाचे जिवाणू. असाधारण पावसाने जमीन धुऊन निघाली आणि मातीत सुप्तावस्थेत असलेले या जिवाणूंचे बीजाणू वर आले, असा निष्कर्ष प्रकल्पाने काढला. गेंड्यात भ्रूणरोपणातून झालेल्या गर्भधारणेचा हा पहिला यशस्वी प्रयोग जानेवारी २०२४ मध्ये जगाला कळला, तो मातेच्या मृत्यूच्या वार्तेसह.

तिन्ही मृत्यूंची कारणे वेगळी आहेत. नोला आणि सुदान यांच्या बाबतीत वार्धक्याचा वाटा मोठा होता, हेही मान्य करावे लागेल. तथापि तिन्ही प्रकरणांत एक समान धागा आहे. जगातील उत्तम वैद्यकीय पथके हाताशी असूनही जिवाणू एक पाऊल पुढे होते. असे का व्हावे, याचे उत्तर गेंड्याच्या शरीररचनेत जितके आहे, तितकेच त्याला ठेवण्याच्या आपल्या पद्धतीत आहे.

तीन बोटांवर दोन टनांचा भार

गेंडा हा घोड्याच्या गणातील प्राणी आहे. घोड्याच्या प्रत्येक पायाला एकच खूर असतो, गेंड्याच्या पायाला तीन बोटे आणि त्यांना तीन नखे. पूर्ण वाढलेल्या भारतीय एकशिंगी गेंड्याचे वजन दोन टनांच्या घरात जाते. त्यातील सर्वाधिक भार मधले बोट पेलते. नखांच्या मागे तळव्याची जाड, लवचिक गादी असते आणि चालताना बसणारे धक्के ती जिरवते.

एकशिंगी गेंडा हा मुळात ब्रह्मपुत्रेच्या आणि तराईच्या दलदलीतील, उंच गवतातील प्राणी. दिवसाचा मोठा काळ तो पाण्यात किंवा चिखलात काढतो. त्याच्या पायाची ठेवण ओल्या आणि मऊ जमिनीसाठी झालेली आहे. पशुवैद्यक फ्रीडरिके फॉन हौवाल्ड यांनी २००१ साली झुरिच विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात प्राणिसंग्रहालयांतील भारतीय गेंड्यांच्या पायांचा सविस्तर अभ्यास केला आणि जंगलातील गेंड्यांच्या पायांशी त्याची तुलना केली. जंगली गेंड्याची नखे लांब आणि मजबूत असतात, शरीराचा बराच भार नखांच्या कडेवर पडतो. बंदिवासातील गेंड्याची नखे कठीण फरशीवर घासून झिजतात आणि भार मऊ गादीवर येतो. जी गादी भार पेलण्यासाठी नव्हतीच, ती मग फाटू लागते. मधल्या बोटाचे नख आणि गादी यांच्या सीमेवर भेग पडते. हा प्रकार विशेषतः मागच्या पायांत दिसतो.

एकदा भेग पडली की पुढचा प्रवास ठरलेला असतो. भेगेत शेण, मूत्र आणि माती शिरते, जिवाणू वाढतात, जखम भरण्याऐवजी तिच्यातून लालसर मांस वर येते. प्राणी तो पाय वाचवून चालतो, त्यामुळे दुसऱ्या पायावर जादा भार पडतो आणि कालांतराने तिथेही भेग पडते. दुर्लक्ष झाल्यास संसर्ग हाडापर्यंत आणि सांध्यापर्यंत पोचतो.

यातील विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. प्राणिसंग्रहालयांनी काँक्रीटची फरशी स्वीकारली ती स्वच्छतेसाठी. पाण्याच्या फवाऱ्याने धुता येते, रोगजंतू साचत नाहीत, हा त्यामागचा विचार. गेंड्याच्या बाबतीत मात्र जंतूंपासून बचावासाठी घातलेल्या त्याच फरशीने जंतूंना शरीरात शिरण्याची वाट करून दिली.

लंगडणे हे लक्षण, रोग नव्हे

गेंडा लंगडतो तेव्हा पहिला प्रश्न ‘कोणत्या पायाने’ हा असतो आणि त्याचे उत्तरही वाटते तितके सोपे नसते. एका पायाने लंगडणारा प्राणी ओळखता येतो. दोन्ही मागच्या पायांत सारखीच वेदना असेल तर तो लंगडत नाही, केवळ हळू चालतो, पावले आखूड टाकतो. अधिक वेळ झोपून राहतो किंवा पाण्याच्या हौदातून बाहेर येण्याचे टाळतो. पाण्यात शरीराचा भार हलका होत असल्याने हौदात बसून राहणे ही गेंड्याची आवड म्हणून सहज दुर्लक्षिली जाते. प्रत्यक्षात ती वेदनेची तक्रार असू शकते.

दुसरा प्रश्न ‘पायात नेमके कुठे’ हा. तळव्याची भेग, नखाचा तडा, नखाखालचे गळू, घुसलेला खडा किंवा तारेचा तुकडा ही कारणे खाली असतात. सांध्याची झीज, जुना अस्थिभंग, स्नायूची दुखापत ही वर असतात. नोलाच्या उदाहरणात आजाराचे केंद्र पायात नव्हतेच, कटिभागात होते. पाठीच्या कण्याचे विकार किंवा मज्जातंतूंचा दोष यांमुळेही चाल बिघडते. घोड्याच्या बाबतीत पशुवैद्यक एकेका भागाला तात्पुरती बधिरता देऊन वेदनेचे स्थान शोधतो. दोन टनांच्या, अनोळखी माणसाला जवळ येऊ न देणाऱ्या प्राण्यावर ही पद्धत वापरणे जवळजवळ अशक्य असते.

तिसरा प्रश्न ‘केव्हापासून’ हा आणि इथेच बहुतेक निदाने अडतात. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजमधील संशोधकांनी २०१३ साली २७ गेंड्यांच्या पायांच्या हाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सांध्यांची झीज, हाडांवर आलेली अतिरिक्त वाढ, अस्थिभंग आणि हाडांतील संसर्ग अशा विकृती त्यांत मोठ्या प्रमाणावर आढळल्या. म्हणजेच तळव्यावर जे दिसते त्याहून बरेच अधिक आत चाललेले असते आणि ते अनेकदा प्राण्याच्या मृत्यूनंतरच उघड होते.

क्ष-किरणांच्या मर्यादा

मग क्ष-किरण तपासणी का होत नाही? ती होते, पण तिला मर्यादा आहेत. गेंड्याचा पाय जाड असतो, बोटांची हाडे चित्रात एकमेकांवर येतात आणि सुरुवातीच्या टप्प्यातील झीज त्यांच्या आड लपते. बर्लिनच्या लायबनिझ प्राणिसंग्रहालय व वन्यजीव संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१३ मध्येच गेंड्याच्या पायांचे सीटी स्कॅन आणि डिजिटल क्ष-किरण चित्रे यांची तुलना केली. सीटीमध्ये स्पष्ट दिसणाऱ्या कित्येक विकृती क्ष-किरण चित्रातून निसटत असल्याचे त्यातून पुढे आले.

सीटी स्कॅन मात्र जिवंत गेंड्याचा करायचा कसा? यंत्रात तो मावत नाही आणि यंत्रापर्यंत नेणे धोक्याचे. २०१८ मध्ये शिकागोजवळील ब्रुकफिल्ड प्राणिसंग्रहालयात ‘लैला’ या काळ्या गेंड्याच्या मादीला श्वास घेण्यास त्रास होऊ लागला. नाकपुडीचा मार्ग बंद झाला होता. पहिल्या शस्त्रक्रियेनंतरही कारण पुरते उलगडेना, तेव्हा हलवता येण्याजोगे सीटी यंत्रच तिच्यापर्यंत आणण्यात आले. तेव्हा लक्षात आले की त्रासाचे मूळ वरच्या जबड्यातील दाढेच्या संसर्गात होते. लक्षण नाकात आणि रोग दाढेत. पायाच्या बाबतीतही असेच घडते. फरक इतकाच की प्रत्येक प्राणिसंग्रहालयाला असे यंत्र मागवणे परवडत नाही.

शिवाय भुलीचा प्रश्न आहेच. गेंड्याला पूर्ण भूल देण्यासाठी एटॉर्फिनसारखी अतितीव्र औषधे वापरावी लागतात. त्यांचा थोडासा अंश माणसाच्या शरीरात गेला तरी जीव धोक्यात येतो, म्हणून उतारा हाताशी ठेवूनच काम करावे लागते. भूल चढल्यावर गेंडा आडवा झाला की त्याच्याच वजनाने छाती आणि खालच्या बाजूचे स्नायू दाबले जातात, रक्तातील प्राणवायू घटतो. वृद्ध किंवा आजारी प्राणी यातून उठेलच याची खात्री नसते. त्यामुळे पशुवैद्यक भूल पुढे ढकलतात आणि निदानही पुढे ढकलले जाते. आजार वाढतो, तसा भुलीचा धोकाही वाढतो. या दुष्टचक्रात सर्वाधिक वेळ वाया जातो.

जिवाणू नेमका कोणता?

पायात संसर्ग आहे हे ठरल्यावरही अर्धेच काम झालेले असते. तळव्याच्या भेगेवर कापसाचा बोळा फिरवून नमुना घेतला, तर प्रयोगशाळेत वाढतात ते शेणातील आणि मातीतील सर्वसाधारण जिवाणू. खरा अपराधी खोलवर, प्राणवायू नसलेल्या जागी असतो आणि नमुना हवेच्या संपर्कात आला की तो मरतो. म्हणून पृष्ठभाग स्वच्छ करून आतील उतीचा किंवा हाडाचा तुकडा घ्यावा लागतो आणि तो योग्य माध्यमात, विनाविलंब प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. त्यासाठी पुन्हा भूल किंवा किमान गुंगी लागते.

रक्ततपासणी हा तुलनेने सोपा मार्ग, पण तोही नि:संदिग्ध नाही. बंदिस्त गळवात दीर्घकाळ मुरलेल्या संसर्गात पांढऱ्या पेशींची संख्या नेहमीच्या मर्यादेत राहू शकते. अशा वेळी फायब्रिनोजेन किंवा सीरम अमायलॉइड-ए यांसारखी दाहदर्शक प्रथिने अधिक उपयोगी ठरतात. परंतु एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नसतो. त्याच प्राण्याचा, तो निरोगी असतानाचा आकडा ठाऊक असेल तरच वाढ कळते. ज्या संस्थेत वर्षानुवर्षे नियमित नोंदी आहेत, तिथेच ही तपासणी बोलकी ठरते.

क्षयरोगाचे उदाहरण याहून कठीण आहे. क्षयाचे जिवाणू गेंड्यांत आढळतात, माणसांकडून प्राण्यांत आणि प्राण्यांकडून माणसांत जाण्याची शक्यताही असते. हे जिवाणू प्रयोगशाळेत अत्यंत संथ गतीने, काही आठवड्यांत वाढतात. वजन घटणे आणि खोकला ही लक्षणे दिसेपर्यंत रोग बराच पुढे गेलेला असतो. श्वासनलिकेतील किंवा जठरातील स्राव तपासणे आणि रक्तातील प्रतिकारक प्रतिसाद मोजणे, असे काही मार्ग वापरले जातात.

उपचारांचीही तीच कथा. गेंड्यासाठी प्रतिजैविकांच्या मात्रा बहुतांशी घोड्यावरून ठरवल्या जातात. वजन अंदाजाने धरले तर मात्रा चुकते. मात्रा कमी पडली तर जिवाणू मरत नाहीत, उलट निर्ढावतात. तोंडावाटे दिलेली काही प्रतिजैविके मोठ्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मारतात. गेंड्याचे अन्नपचन त्याच जिवाणूंवर अवलंबून असल्याने जुलाब आणि पोटदुखी जिवावर बेतू शकते. वेदनाशामकांचा दीर्घ वापर जठर आणि मूत्रपिंडाला घातक. म्हणूनच काही ठिकाणी पायाला वर घट्ट पट्टा बांधून खालच्या शिरेतून थेट औषध देण्याची, घोड्यांत रुळलेली पद्धत गेंड्यांवरही वापरली गेली आहे. पण कोणते औषध द्यायचे, हे ठरवण्यासाठी जिवाणू ठाऊक हवा, म्हणजे पुन्हा निदानाकडेच यावे लागते.

जो संसर्ग लंगडत नाही

कुराच्या मृत्यूने आणखी एक धडा दिला. क्लोस्ट्रिडियमसारखे जिवाणू लक्षणे दाखवण्यासाठी वेळच देत नाहीत. त्यांचे विष काही तासांत प्राण्याला संपवते. त्याच सुमारास कुराच्या सान्निध्यात ठेवलेला ‘ओउवान’ हा नरही दगावला होता. इथे वेळेवर निदान म्हणजे आजारी प्राण्याचे निदान नव्हे, तर जागेचे निदान. ही जमीन पूर्वी गुरांची होती का, पाणी कुठे साचते, लसीकरण झाले आहे का, हे प्रश्न पावसाळ्यापूर्वी विचारावे लागतात. त्या घटनेनंतर प्रकल्पातील इतर गेंड्यांना लस देण्यात आली.

आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय प्राणी उद्यानात ‘धर्मेंद्र’ हा नर गेंडा मृतावस्थेत आढळला. तो सप्टेंबर २०२४ मध्ये आसाममधून तिथे आला होता. शवविच्छेदनात आतड्यांचा तीव्र रक्तस्रावी दाह हे कारण नोंदले गेले. असा दाह अनेक कारणांनी होऊ शकतो. त्यामुळे त्यावरून कोणावर ठपका ठेवणे घाईचे ठरेल. मात्र शवविच्छेदनाच्या मेजावर झालेले निदान हे प्राण्याच्या दृष्टीने निदान नसते, एवढे निश्चित.

भारताचा संबंध

हा विषय परदेशी प्राणिसंग्रहालयांपुरता आहे, असे मानण्याचे कारण नाही. १९५६ साली स्वित्झर्लंडमधील बाझल प्राणिसंग्रहालयात ‘रुद्र’ हा गेंडा जन्मला. आधुनिक काळात प्राणिसंग्रहालयात जन्मलेला हा पहिला भारतीय गेंडा मानला जातो. त्याचे आईवडील, जोयमोती आणि गदाधर, काझीरंगातून तिथे गेले होते. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतील भारतीय गेंड्यांची वंशावळ आजही बाझलमध्ये ठेवली जाते. पायाच्या रोगावरचे महत्त्वाचे संशोधन युरोपात झाले, कारण आपला प्राणी तिथल्या फरशीवर उभा होता.

देशात एकट्या काझीरंगात २०२२ च्या गणनेनुसार २,६१३ गेंडे आहेत. संख्या समाधानकारक असली, तरी बहुतांश गेंडे एकाच पूरप्रवण खोऱ्यात एकवटले आहेत. एखादी साथ किंवा मोठा पूर आला, तर आधार म्हणून इतरत्र गेंडे असणे आवश्यक आहे. मानसमध्ये गेंडे पुन्हा वसवण्याचा उपक्रम आणि प्राणिसंग्रहालयांतील प्रजनन हे त्यासाठीच आहेत. काझीरंगालगत २००२ मध्ये आसाम वनखात्याने वन्यजीव संस्थांच्या सहकार्याने सुरू केलेल्या पुनर्वसन केंद्रात दर पुरात आईपासून दुरावलेली पिल्ले आणली जातात. तिथे वाढलेली ‘मैनाओ’ ही मादी २००६ मध्ये मानसला सोडण्यात आली. या पिल्लांमध्ये नाळेतून शिरणारा संसर्ग, पुराच्या पाण्यामुळे होणारा न्यूमोनिया आणि सांध्यांत उतरणारे जिवाणू यांचा धोका मोठा असतो. लहान पिल्लू लंगडत असेल तर ते केवळ मुरगळणे समजून सोडणे महागात पडू शकते. रक्तातून सांध्यात पोचलेल्या संसर्गाची ती पहिली खूण असू शकते.

प्राणिसंग्रहालयांवर देखरेख ठेवणारे केंद्रीय प्राधिकरण १९९२ मध्ये स्थापन झाले. त्यानंतर पिंजऱ्यांचे आकार, आहार, पशुवैद्यकीय सोयी यांविषयीचे निकष आले. गुवाहाटीतील खानापाराचे पशुवैद्यक महाविद्यालय आणि बरेलीजवळील भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था यांच्याकडे वन्यप्राण्यांच्या आरोग्याचा अनुभव आहे. म्हणजे ज्ञान नाही अशी स्थिती नाही. ते ज्ञान पिंजऱ्यापाशी रोज सकाळी उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचते का, हा खरा प्रश्न आहे.

प्राणिपालाची नजर

निदानातील विलंब कमी करणारे उपाय फारसे खर्चिक नाहीत. पहिला उपाय प्रशिक्षणाचा. केळे किंवा गुळाच्या तुकड्याच्या आमिषाने गेंड्याला गजांमधून पाय पुढे करायला, तळवा दाखवायला, कानाच्या शिरेतून रक्त काढू द्यायला शिकवता येते. रोज पाच मिनिटांच्या या सरावामुळे तळव्याची पहिली भेग दिसते आणि भुलीशिवाय नखांची कापणी व मलमपट्टी होऊ शकते. दुसरा उपाय नोंदींचा. दरमहा एकाच जागेवरून घेतलेले चालण्याचे चित्रीकरण, तळव्यांची छायाचित्रे, तराजूवरचे वजन आणि वर्षातून किमान एकदा रक्ताचा नमुना एवढे असले, तरी बदल केव्हा सुरू झाला हे सांगता येते. तिसरा उपाय जमिनीचा. काँक्रीटवर लाकडाच्या भुशाचा किंवा सालींचा जाड थर, बाहेर चिखलाचा खड्डा, पोहण्याजोगा हौद आणि स्थूलता टाळणारा आहार यांनी मूळ कारणावरच घाव बसतो.

या तिन्ही गोष्टींच्या केंद्रस्थानी पशुवैद्यकापेक्षा प्राणिपाल आहे. आपल्याकडे अनेक ठिकाणी हे काम करणारे कर्मचारी कंत्राटी असतात, त्यांच्या वारंवार बदल्या होतात. गेंड्याला ओळखणारा माणूस बदलला की प्रशिक्षण पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. शिवाय काल तो हौदातून किती वेळात बाहेर आला होता, हे सांगणाराही कोणी उरत नाही. नवे क्ष-किरण यंत्र खरेदी झाल्याची बातमी होते, अनुभवी प्राणिपाल टिकवल्याची होत नाही. आरोग्याच्या दृष्टीने दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे.

वेदनेचा हिशेब

अखेरीस एक अप्रिय प्रश्न उरतो. जुनाट संसर्ग हाडापर्यंत गेला असेल आणि प्राणी उभाही राहू शकत नसेल, तर उपचार किती काळ चालू ठेवायचे? सुदान आणि नोला यांच्या बाबतीत हा निर्णय जगाच्या नजरेखाली घेतला गेला आणि त्यावर फारसा वाद झाला नाही, कारण आजाराची प्रत्येक पायरी नोंदलेली होती. जिथे नोंदीच नाहीत, तिथे दयामरणाचा निर्णय घ्यायला कोणी धजत नाही आणि उपचारांचाही निर्णय होत नाही. प्राणी मधल्या मध्ये वेदना सोसत राहतो.

फातूच्या बीजांडांपासून तयार केलेले तीसहून अधिक भ्रूण आज द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेले आहेत. एका उपजातीचे भवितव्य त्या नळ्यांत आहे. पण ते भ्रूण वाढवायचे असतील तर निरोगी मादी हवी आणि तिने जवळजवळ सोळा महिने तो भार चार पायांवर वाहायला हवा. अत्याधुनिक प्रयोगशाळेचे यश शेवटी तिच्या तळव्याच्या भेगेवर आणि तिच्या पायाखालच्या मातीवर अवलंबून राहणार आहे. ती भेग लंगडण्यापूर्वी दिसली, तरच त्या भ्रूणांना काही अर्थ आहे.